कोपरे अंधारात का राहतात? जुन्या मॉनिटरचा प्रोजेक्टर करताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. १५ इंची जुना एलसीडी मॉनिटर, १०२४ × ७६८चा. बॅकलाइट (पॅनलमागचा दिवा) गेली होती म्हणून तुम्ही पॅनल मोकळं केलं. त्याच्या मागे १२ सेंटिमीटरवर १०० वॅटचा सीओबी एलईडी (एकाच पाटीवर पुष्कळ बारीक एलईडी बसवलेला) आणि पुढे ३० सेंटिमीटरवर १०० मिलिमीटर व्यासाचं हातभिंग लावलं. भिंतीवर मधोमध ताटलीएवढा उजेड पडतो, बाकी सगळं काळं. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतात. १५-२० मिनिटांनी चित्राच्या मध्यभागी काळा डाग येतो, बंद करून ठेवलं की जातो. आता २०० वॅटचा एलईडी घ्यावा का, आणि गणपतीत अंगणात मोठा पडदा लावता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

२०० वॅटचा घेऊ नका. तुमच्याकडे उजेड कमी नाही, तो भिंगात शिरत नाही.

एलईडीच्या एका बिंदूपासून भिंगाच्या कडेपर्यंत मनात सरळ रेषा ओढून बघा. ती रेषा पॅनलला जिथे छेदते, तिथपर्यंतचाच भाग भिंतीवर दिसणार. पॅनलच्या कोपऱ्यातून जाणारा किरण तसाच तिरका पुढे जातो आणि भिंगाला न शिवता खोक्याच्या बाजूवर आपटतो. तुमच्या मापांचा हिशेब असा: १०० × १२ ÷ ४२, म्हणजे जेमतेम २९ मिलिमीटर. ३०४ मिलिमीटर रुंदीच्या पॅनलमधला तीन सेंटिमीटरचा गोल तेवढा तुम्ही वापरताय. एलईडीचा पृष्ठभाग स्वतः वीस-तेवीस मिलिमीटरचा असतो, म्हणून त्या गोलाच्या कडा विरळ होत जातात, इतकंच. २०० वॅटचा लावलात तर तोच गोल जास्त झगझगीत दिसेल आणि काळा डाग आणखी लवकर येईल.

यावर इलाज फ्रेनेल भिंगांचा, म्हणजे गोल गोल बारीक खाचा असलेल्या सपाट, पारदर्शक पत्र्यांचा, आणि ती दोन लागतात. मागचं भिंग एलईडीचा पसरणारा उजेड समांतर करतं, तो पॅनलमधून सरळ पार होतो, आणि पुढचं भिंग तो पुन्हा गोळा करून प्रोजेक्शन लेन्सच्या (भिंतीवर चित्र पाडणाऱ्या भिंगाच्या) तोंडात सोडतं. एलईडीची छोटीशी प्रतिमा नेमकी लेन्सच्या आत पडली पाहिजे. एवढं जमलं की कोपरे उजळतात. बाकीची सगळी कारागिरी त्यानंतरची.

दोन्ही फ्रेनेल एकत्र पॅनलच्या मागे ठेवूनही चित्र येतं, खोकंही सुटसुटीत होतं. पण मग पॅनलच्या कोपऱ्यातून उजेड जवळजवळ ३० अंशांनी तिरका जातो. जुने १५ इंची मॉनिटर बहुतेक टीएन जातीचे, आणि टीएन पॅनलकडे वरून किंवा खालून तिरकं पाहिलं की रंग पालटतात हे कोणीही पाहिलेलं असतं. तिरका उजेड पॅनलला तसंच वागायला लावतो: चित्राचा वरचा भाग फिका, खालचा काळपट. आयपीएस पॅनल (तिरकं पाहिलं तरी रंग टिकवणारं) असेल तर हे बरंच खपून जातं. तुमच्यासाठी मात्र एक फ्रेनेल मागे, एक पुढे हीच रचना बरी.

आता मापं. ती तुमच्या हाती कुठली लेन्स लागते त्यावर अवलंबून आहेत, म्हणून लेन्स मिळाल्याशिवाय लाकडाला करवत लावू नका. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे भंगारात निघालेला ओव्हरहेड प्रोजेक्टर. शाळा-कॉलेजांत ट्रान्सपरन्सी ठेवून शिकवायचे तो. पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, नाहीतर कॉलेजचं भंगार उचलणारा माणूस, इथे विचारून ठेवा. त्याच्या डोक्यातली लेन्स साधारण ३१५ ते ३२० मिलिमीटर नाभीय अंतराची असते, आणि काचेच्या टेबलाखाली जी फ्रेनेल असते ती पुष्कळदा दोन पत्रे खाचा आत करून कडेला चिकटवलेली असते. कडेची पट्टी ब्लेडने अलगद कापली की दोन्ही फ्रेनेल सुट्या होतात. अडचण एकच. हा पत्रा साधारण २८५ मिलिमीटर चौरस असतो आणि १५ इंची पॅनलचं चित्र ३०४ × २२८. दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर चित्र कमी उजेडात राहील. ते चालत नसेल तर ३३० मिलिमीटर रुंदीचा ॲक्रिलिक फ्रेनेल वेगळा विकत घ्यावा लागेल. बारीक अक्षरं वाचण्यासाठी मिळतं ते पानभर आकाराचं प्लास्टिक भिंग मात्र नको. ते लहान पडतं, खाचा जाड असतात आणि उष्णतेने लगेच वाकतं.

हातातल्या कुठल्याही भिंगाचं नाभीय अंतर घरच्या घरी मोजता येतं. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा, बाहेरच्या लांबच्या इमारतीची प्रतिमा भिंतीवर स्पष्ट होईल तिथे थांबा, भिंग ते भिंत अंतर मोजा. उन्हात करू नका. तीनशे मिलिमीटरचा फ्रेनेल सूर्यासमोर धरला तर कागद क्षणात पेटतो, डोळ्यांचं तर विचारूच नका. आणि सुटा फ्रेनेल उघड्या खिडकीशी ठेवून विसरू नका, पडदा जळतो.

३२० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स धरून हिशेब करतो, तुमच्या आकड्याने तुम्ही पुन्हा करा. पडद्याची रुंदी भागिले पॅनलची रुंदी म्हणजे मोठं करण्याचं प्रमाण. १.२ मीटर रुंद चित्र हवं असेल तर १२०० ÷ ३०४, म्हणजे ३.९५. लेन्स ते पडदा अंतर: ३२० × (१ + ३.९५), साधारण १.५८ मीटर. पॅनल ते लेन्स: ३२० × (१ + १ ÷ ३.९५), साधारण ४०१ मिलिमीटर. दोन मीटर रुंद चित्राला प्रमाण ६.५८ येतं, पडदा २.४३ मीटरवर जातो आणि पॅनल ते लेन्स ३६९ मिलिमीटर होतं. म्हणजे या दोन आकारांमध्ये लेन्स फक्त ३२ मिलिमीटर पुढेमागे सरकते. ड्रॉवरच्या जुन्या चॅनेलवर लेन्सची पाटी बसवा आणि ५० मिलिमीटरची सरक ठेवा, पुरते.

एलईडीची जागाही यातच ठरते. समजा मागच्या फ्रेनेलचं नाभीय अंतर २२० आणि पुढच्याचं ३३० मिलिमीटर आहे, आणि पुढचा पॅनलपासून १५ मिलिमीटरवर आहे. उजेड अगदी समांतर केला तर तो पुढच्या फ्रेनेलपासून ३३० मिलिमीटरवर गोळा होईल, पण दोन मीटरच्या चित्राला लेन्स बसलीय ३५४ वर (३६९ − १५). त्यामुळे एलईडी फ्रेनेलपासून बरोबर २२० वर न ठेवता २१० च्या आसपास घ्यायचा. १.२ मीटरच्या चित्राला लेन्स आणखी पुढे जाते, तेव्हा तोच एलईडी २०० वर. म्हणून एलईडीची पाटीही सरकती हवी: दोन लांब बोल्ट, दोन्ही बाजूंनी नट, २० मिलिमीटर इकडेतिकडे. एलईडी पक्का स्क्रूने आवळून टाकणं आणि मग कोपरे पिवळट-निळसर का दिसतात म्हणून डोकं खाजवत बसणं, ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

जागा बरोबर आहे की नाही ते बघायला कागदाची परीक्षा करा. पॅनल काढून ठेवा, लेन्सच्या जागी पातळ पांढरा कागद धरा, एलईडी ड्रायव्हरवर (त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर) मंद करा किंवा काळी काच डोळ्यांपुढे धरा. कागदावर एलईडीचा चौकोन उमटला पाहिजे, २३ मिलिमीटरच्या सीओबीचा साधारण ३९ मिलिमीटरचा. लेन्सचा व्यास ८० असेल तर तो आरामात मावतो. चौकोन फिसकटलेला किंवा एका बाजूला गेलेला दिसला तर एलईडी मधोमध नाही किंवा अंतर चुकलंय. ही परीक्षा जमली की पॅनल लावा. २०० वॅटच्या सीओबीचा पृष्ठभाग मोठा असतो, त्याचा चौकोनही मोठा पडतो आणि लेन्सच्या कडेबाहेर सांडायला लागतो. वॅट दुप्पट केले तरी उजेड दुप्पट होत नाही, त्याचं हे दुसरं कारण.

फ्रेनेल कुठल्या बाजूने लावायचा? दोन्हींच्या खाचा पॅनलकडे, गुळगुळीत बाजू बाहेर. नखाने हलकेच चाचपलं की कळतं. मागच्या फ्रेनेल आणि पॅनलमध्ये १५ ते २० मिलिमीटर हवा खेळायला मोकळे ठेवा. पुढचा फ्रेनेल पॅनलला चिकटवलात तर त्याच्या खाचा आणि पॅनलचे पिक्सेल मिळून भिंतीवर पाण्यातल्या तरंगांसारखी वर्तुळं दिसतात. १० ते १५ मिलिमीटर दूर सरकवला की ती विरतात.

अक्षरं उलटी येतात ते सोपं आहे. लेन्स चित्र १८० अंशांत फिरवते, आणि पॅनलची बघायची बाजू लेन्सकडे असली की डावं-उजवंही पालटतं. आरसा नसलेल्या खोक्यात पॅनल डोक्यावर उलटं करा आणि त्याची बघायची बाजू एलईडीकडे ठेवा. एलसीडीला उजेड कुठूनही आला तरी फरक पडत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. मॉनिटरच्या पुढच्या काचेवर चकाकी घालवणारा दाणेदार मुलामा असतो. तो लेन्सकडे असला तर चित्र पुसट आणि रवाळ होतं, एलईडीकडे असला तर उजेड थोडा विखुरतो पण अक्षरं धारदार राहतात. ओल्या टिश्यूने भिजवून तो मुलामा काढायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पोलरायझरला (पॅनलवरचा, एकाच दिशेचा प्रकाश सोडणारा पातळ थर) सुरीचं टोक लागलं की पॅनल गेलं, म्हणून ते टाळा.

जागा वाचवायला आरसा घालून खोकं मुडपायचं असेल तर पॅनलची बघायची बाजू लेन्सकडे येईल. पण न्हाणीघरातला आरसा नको. त्याचा पारा काचेच्या मागे असतो, वरच्या काचेवरूनही थोडं परावर्तन होतं, आणि प्रत्येक अक्षराला सावली चिकटते. पुढून मुलामा दिलेला आरसा लागतो. झेरॉक्स मशीनच्या स्कॅनरमधून निघणाऱ्या पट्ट्या तशाच असतात, पण अरुंद. तुमच्यासाठी सरळ लांब खोकंच बरं: आतून साधारण ७५० मिलिमीटर लांब, ३५० रुंद, ९ मिलिमीटर प्लायचं, आतून फळ्याचा काळा रंग. चकचकीत काळा ऑइलपेंट दिलात तर बाजूंवरून उजेड उडतो आणि चित्रातला काळा रंग राखाडी होतो.

आता काळा डाग. पॅनलमधलं द्रवस्फटिक ठरावीक तापमानाच्या वर गेलं की साध्या द्रवासारखं होतं, प्रकाश वळवायचं विसरतं, आणि एकमेकांना आडव्या पोलरायझरमधून काहीच पार होत नाही. म्हणून डाग काळा, आणि गार झालं की परत ठीक. ही शेवटची सूचना समजा. असंच चालवत राहिलात तर पोलरायझर पिवळा पडतो, फुगतो, आणि ते मात्र परत येत नाही. तुमच्याकडे एलईडी अवघ्या १२ सेंटिमीटरवर असल्याने सगळा ताप मध्यभागी एकवटतोय. फ्रेनेल लावल्यावर अंतर वाढेल, उजेड पूर्ण पॅनलवर पसरेल, तरीही रंगीत पॅनल आलेल्या उजेडापैकी साधारण ६ टक्केच पार सोडतं. बाकीचा उजेड बहुतेक पॅनलमध्येच उष्णता होतो, या रचनेत सात-आठ वॅट. म्हणून खोक्याच्या तळाला पॅनलच्या रेषेत फट, वर ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा बाहेर फेकणारा, आणि पॅनलच्या दोन्ही अंगांनी हवा जाईल अशी वाट. पंखा ८-९ व्होल्टवर चालवला तर आवाज सोसवतो. तळाच्या फटीला कूलरचा स्पंज लावा. पॅनलवर पडलेला धुळीचा कण भिंतीवर मोठा होऊन, अगदी फोकसमध्ये दिसतो.

एलईडीचं गार करणं वेगळं, त्यात काटकसर नको. १०० वॅटपैकी साधारण सत्तरेक वॅट तळातून उष्णता म्हणून बाहेर येतात. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा हीटपाइपवाला उभा कूलर यासाठी उत्तम. थर्मल पेस्ट पातळ थरात लावा, चारही स्क्रू तिरक्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. हीटसिंकला (कूलरच्या उष्णता ओढणाऱ्या धातूच्या भागाला) केएसडी ३०१ जातीचा ७० अंशांचा, नेहमी जोडलेला राहणारा थर्मल स्विच लावा आणि तो ड्रायव्हरच्या येणाऱ्या वायरीत घाला. पंखा बंद पडला तर एलईडी आपोआप विझेल. लाकडाच्या खोक्यात हे नसेल तर चालू ठेवून चहाला जाऊ नका.

एलईडी कुठल्या जातीचा घेतलाय तेही बघा. ३० ते ३४ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा असेल तर त्याला ३००० मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर हवा, नुसता ३२ व्होल्टचा सप्लाय नाही. तापला की एलईडीचा व्होल्टेज उतरतो, सप्लाय जास्त प्रवाह ढकलतो, तो आणखी तापतो, आणि फटकन जातो. बाजारात २२० व्होल्ट थेट लावायचे ड्रायव्हरविना सीओबीही मिळतात. ते या कामाला अजिबात नकोत. त्यांच्या पट्टीवर मेन्सचा करंट असतो आणि ते सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. रंग ६००० ते ६५०० केल्विनचा घ्या, पॅनलचे रंग त्याच उजेडाला जुळवलेले असतात.

पॅनलबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. मॉनिटरचा मूळ पॉवर सप्लाय उघडा ठेवून काम करत असाल तर त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतं. प्लग काढून दहा मिनिटं थांबा, मल्टीमीटरने मोजा, मगच हात घाला. जुन्या बॅकलाइटच्या बारीक नळ्यांत पारा असतो, त्या न फोडता ई-कचऱ्यात द्या. आणि बॅकलाइट तोडल्यावर काही मॉनिटर दोन सेकंदांत चित्रही बंद करतात. तुमचा करत नाही, पण कधी करू लागला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणारा युनिव्हर्सल एलसीडी बोर्ड आणि १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावा, पॉवर सप्लायची कटकटही मिटते. त्या बोर्डावर पॅनलच्या व्होल्टेजचा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) असतो: ३.३, ५ किंवा १२. पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर शोधून माहितीपत्रक बघा, जंपर लावा, आणि मगच केबल जोडा. ३.३ व्होल्टच्या पॅनलला १२ गेले की परत काही करता येत नाही. मागच्या पांढऱ्या आणि दुधी पत्र्यांपैकी एखादा चुकून पॅनलवर राहिला असेल तर तोही काढा, समांतर केलेला उजेड तो सगळा विस्कटून टाकतो. पॅनल बसवताना कोपरे घट्ट दाबू नका, खाचेत सैल उभं राहू द्या. कडेच्या पातळ फिती ओढल्या गेल्या की चित्रात उभी रेघ येते आणि ती कायमची.

मग अंगणातल्या पडद्याचं काय? १०० वॅटचा प्रामाणिक सीओबी ८००० ल्युमेन (एकूण प्रकाशाचं एकक) देतो असं धरू. त्यातला साधारण एक तृतीयांश मागच्या फ्रेनेलवर पॅनलच्या चौकटीत पडतो. दोन फ्रेनेलमध्ये पाचवा हिस्सा जातो, पॅनल सहा टक्के सोडतं, लेन्स थोडं खाते. भिंतीवर पोचतात शंभरेक ल्युमेन. दोन मीटर × दीड मीटर पडद्यावर ते ३५ लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) होतात. १.२ मीटर रुंद चित्रावर शंभराच्या आसपास. तुलनेला सांगतो, डिजिटल सिनेमाच्या पडद्याच्या उजळपणाचा मापदंड ४८ कँडेला प्रति चौरस मीटर आहे, आणि साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढं मिळवायला दीडशे लक्स लागतात. म्हणजे खोली पूर्ण अंधारी करून मीटर-सव्वामीटरचं चित्र छान दिसेल. दोन मीटरचं दिसेल, पण रात्रीचे प्रसंग चाचपडत बघावे लागतील.

अंगणात मांडवाच्या माळा, रस्त्यावरचा दिवा आणि शेजारच्या गॅलरीतली ट्यूब यांतलं काहीही चालू असेल तर चित्र धुऊन निघेल. ते सगळं मालवायची घरच्यांची तयारी असेल तर दीड मीटरपर्यंत जा, पडदा मॅट पांढरा घ्या. जुनी चादर घेतलीत तर उजेड मागे पार होतो, तिच्या मागे काळं कापड शिवा. मंडळाच्या गर्दीसाठी हवं असेल तर त्या चार दिवसांपुरता प्रोजेक्टर भाड्याने आणा. तुमचं खोकं घरातल्या भिंतीसाठीच ठेवा.

लेन्स मिळाली की तिचं नाभीय अंतर, व्यास आणि फ्रेनेलची दोन अंतरं कळवा. खोक्याची लांबी त्या आकड्यांवरून नक्की करून देतो.